गच्चीवरची पुडी आणि सोसायटीचा ठराव

वाचकाचे पत्र

घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण सोसायटीचा मी सचिव आहे. गेल्या महिन्यात रात्री वॉचमनला गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आमच्याच इमारतीतील दोन मुले बसलेली आढळली. दोघेही महाविद्यालयात शिकतात, वय एकोणीस-वीस. त्यांच्याजवळ गांजाची छोटी पुडी आणि तो भरून ओढायचा गोगो पेपर होता. एकाचे वडील आमचे जुने सभासद आहेत, दुसऱ्याचे कुटुंब भाड्याने राहते. आता काही सभासद विशेष सर्वसाधारण सभेत ठराव आणणार आहेत. अमली पदार्थांसह जो सापडेल त्याला अपवाद न करता पोलिसांच्या हवाली करावे, तो भाडेकरूंच्या घरातला असल्यास कुटुंबाने महिन्याभरात जागा सोडावी आणि सिंगापूरप्रमाणे फाशीचा कायदा करावा असे सह्यांचे निवेदन आमदारांना द्यावे, असा तो ठराव आहे. 2023 च्या 31 डिसेंबरला कासारवडवलीतल्या पार्टीवर पडलेला छापा सर्वांच्या लक्षात आहे. पोलिसांना कळवले नाही तर आपणच अडकू, असेही काही जण म्हणतात. कडक बंदीने हे खरोखर थांबते का? मी या ठरावावर सही करावी का?
— एक सचिव, ठाणे (पश्चिम)

सल्ला

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

ठराव आहे त्या रूपात येणार असेल, तर त्यावर सही करू नये असे माझे मत आहे. त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगते, कारण सभेत ती तुम्हालाच मांडावी लागतील आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात याच वयाची मुले असल्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

आधी ‘आपणच अडकू’ या भीतीचे पाहू. अमली पदार्थांविषयीचा आपला कायदा 1985 चा असून न्यायालयात सगळे त्याला एनडीपीएस म्हणूनच ओळखतात. त्यातील कलम 25 नुसार, या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी आपली जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला किंवा ताबेदाराला शिक्षा होऊ शकते. गच्चीवर रोज रात्री काय चालते हे ठाऊक असूनही कमिटीने दार उघडे ठेवले असते, तर हे कलम तुमच्यापर्यंत पोहोचले असते. वॉचमनने एकदा मुलांना पाहिले आणि खाली आणले, एवढ्यावरून ते लागू होत नाही. गच्चीला कुलूप घाला, किल्ली कोणी कधी नेली याची वही ठेवा, आणि मुलांचे खिसे व बॅगा तपासण्याचा अधिकार आपल्याला नाही हे वॉचमनला समजावून सांगा. अंगझडती घ्यायची असेल तर पोलिसांनासुद्धा कलम 50 पाळावे लागते. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे त्यांनी त्या व्यक्तीला आधी सांगायचे असते.

आता फाशीचे निवेदन. जी तरतूद करा अशी मागणी आहे ती आपल्या कायद्यात 1989 पासून आहे, हे सह्या करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरून पुन्हा तसाच गुन्हा करणाऱ्याला त्या वेळी फाशी सक्तीची करण्यात आली होती. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि 2014 च्या दुरुस्तीने शिक्षेची निवड न्यायालयाकडे सोपवली. व्यापारी प्रमाणात, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या वजनाचा माल सापडल्यास पहिल्याच गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे. कलम 37 मुळे अशा खटल्यात जामीन मिळणे दुरापास्त असते, आणि कलम 35 नुसार आरोपीचा गुन्हेगारी हेतू न्यायालय गृहीत धरते, तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. खुनाच्या खटल्यातही हेतू सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. तेव्हा कायदा पुरेसा कडक नाही म्हणून हा धंदा वाढला, असे म्हणायला आधार नाही.

इतक्या कडकपणाने काय साधले, ते आपल्याच परिसरात पाहता येते. रस्त्यावर ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन हे रासायनिक उत्तेजक 2015 च्या फेब्रुवारीत या कायद्याच्या कक्षेत आले. ते संपले तर नाहीच, उलट ते बनवणारे औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांत शिरले. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतून शेकडो किलो एमडी जप्त केले. त्याआधी 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून नशेचे पदार्थ बनवायला वापरले जाणारे इफेड्रिन टनावारी पकडले होते. नवी मुंबईला लागून असलेल्या न्हावा-शेवा बंदरात 2020 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 191 किलो हेरॉइन सापडले आणि पुढच्याच वर्षी तिथेच त्याहून मोठा साठा हाती लागला. या कारवाया कौतुकास्पदच आहेत आणि त्या थांबाव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र एवढा माल पकडला जाऊनही तुमच्या इमारतीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पुडी मिळवण्यासाठी घोडबंदर रस्ता सोडून जावे लागले नाही, हेही सभेत कोणीतरी बोलायला हवे.

याचे एक कारण धंद्याच्या हिशोबातच आहे. पकडले जाण्याचा धोका जितका मोठा, तितका कमी जागेत मावणारा आणि जास्त कैफ देणारा माल विकणाऱ्याला परवडतो. गांजाचे व्यापारी प्रमाण वीस किलोपासून सुरू होते, एमडीचे पन्नास ग्रॅमपासून. वीस किलो गांजाला पोते लागते आणि त्याचा वास लपत नाही. पन्नास ग्रॅम एमडी शर्टाच्या खिशात जाते. शिक्षेची पायरी दोहोंची एकच असेल, तर विकणारा काय निवडेल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

मराठी माणसाने तर हे दारूच्या बाबतीत पाहिलेले आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या, वस्त्यावस्त्यांत आंटीचे गुत्ते निघाले आणि पुढे ज्या टोळ्यांनी या शहराला वेठीस धरले त्यांतल्या काहींचे पहिले भांडवल याच धंद्यातून उभे राहिले. साठच्या दशकात सरकारने बंदी सैल केली. तो कायदा मात्र रद्द झालेला नाही, आणि आजही आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा हवा असेल तर देशीसाठी 2 रुपयांत आणि विदेशीसाठी 5 रुपयांत मिळतो. तुमच्या सोसायटीच्या नववर्षाच्या कार्यक्रमात तो कितीजणांच्या खिशात होता, हे मी विचारत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 च्या एप्रिलमध्ये दारूबंदी झाली आणि 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली आणि त्या धंद्यात बायका व मुले ओढली गेली, हे कारण तेव्हा सरकारने दिले. बंदी मागत पायी मोर्चे काढणाऱ्या बायकांचे दुःख खोटे होते, असे यावरून कोणीही म्हणू नये. त्यांच्या दुःखावर बंदीचा उपाय पुरा पडला नाही, एवढेच दिसते.

तरीही सगळे खुले करून टाकावे, या टोकाला मी जात नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आहेत, गांजा, चरस, भांग घेणारे सुमारे 3 कोटी आणि अफू-हेरॉइनच्या वर्गातले पदार्थ घेणारे सुमारे 2.26 कोटी. कायद्याने मिळणारी वस्तू लोक जास्त घेतात, तिचे दुकान नाक्यावर असते आणि तिच्या जाहिराती सोड्याच्या नावाने होतात. म्हणून बंदीचा काहीच उपयोग नाही हे म्हणणे मला पटत नाही. बनवणारा, आणणारा आणि विकणारा यांच्यावर बंदी असावी, ती कसून राबवावी, आणि घेणाऱ्याला तुरुंगाच्या दाराशी नेऊ नये, अशी माझी भूमिका आहे. 

परदेशातली उदाहरणेही एका बाजूने झुकत नाहीत. पोर्तुगालने 2001 मध्ये दहा दिवसांच्या गरजेइतका पदार्थ जवळ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले, पकडलेल्या माणसाला समुपदेशक आणि कायदेतज्ज्ञ यांच्या मंडळापुढे नेले आणि उपचारांवर पैसा खर्च केला. सुयांमधून होणारा एचआयव्हीचा प्रसार तिथे मोठ्या प्रमाणात घटला. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने 2020 मध्ये मतदान घेऊन तसाच निर्णय केला, पण उपचारांची व्यवस्था उभी राहण्याआधीच शिक्षा काढून टाकली. त्याच काळात फेंटानिल या अतिशय तीव्र अमली पदार्थाची लाट आली, रस्त्यावर उघड सेवन वाढल्याची ओरड झाली, आणि 2024 मध्ये राज्याला पाऊल मागे घ्यावे लागले. दुसऱ्या टोकाला थायलंडने 2003 मध्ये अमली पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारले. तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. तुमच्या सभासदांच्या आवडत्या सिंगापूरचे म्हणाल, तर तिथे पंधरा ग्रॅमहून अधिक हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे हे खरे. पण निव्वळ सेवन करणाऱ्याला तो देशही फासावर देत नाही, सक्तीच्या पुनर्वसन केंद्रात पाठवतो. शिवाय ते एका शहराएवढे बेट आहे. हजारो किलोमीटरच्या सीमा आणि किनारा असलेल्या आपल्या देशाला त्याचा कायदा उचलून लावला, तरी त्याचा पहारा उचलून आणता येत नाही.

या बंदीची किंमत कोण मोजतो, हे ठरावाच्या दुसऱ्या भागात तुमच्याच सोसायटीने लिहून ठेवले आहे. गच्चीवर मुले दोन होती, पुडी एक होती, आणि घर सोडायचे ते फक्त भाडेकरूंनी. सभासदाच्या मुलाला पोलिसांच्या हवाली करण्याची वेळ आली, तर ‘कोणताही अपवाद न करता’ हे शब्द किती दिवस टिकतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तसेही भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार सोसायटीला नाही. तो करार घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला आहे, आणि तो मोडायचा तर त्यांनी कायद्याच्या मार्गाने मोडायचा. ठरावाचा हा भाग मंजूर झाला तरी न्यायालयात टिकणार नाही.

हाच पंक्तिप्रपंच व्यवस्थेतही होतो. मी फौजदारी वकिली करते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सेवनाच्या गुन्ह्यात पकडलेली मुले वारंवार पाहते. बाहेरच्या बाकावर बाप शर्टाच्या खिशात घडी घातलेल्या नोटा घेऊन बसलेला असतो आणि मुलाला सांगत असतो, ‘कबूल आहे म्हण, दंड भरू आणि घरी जाऊ.’ कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती पुढे पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पोलीस पडताळणीत वर येऊ शकते, हे त्या वेळी त्याला कोणी सांगत नाही. ज्याला वकील परवडतो तो थांबतो, ज्याचा दिवसाचा रोज बुडतो तो कबुली देतो. एमडीच्या बाबतीत तर अवस्था आणखी कठीण आहे. लहान प्रमाणाची मर्यादा दोन ग्रॅम, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्णयानुसार वजन धरायचे ते भेसळीसकट. विक्रेत्याने पुडीत काहीबाही मिसळून ती तीन ग्रॅमची केली, तर घेणारा एका वर्षाच्या शिक्षेतून दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेत जाऊन पडतो. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. ठाण्याच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीसाठी लागणारी नातेवाइकांची रांग पाहिली, की त्या आकड्याची माणसे दिसतात.

आणखी एक किंमत अशा घरांनी मोजली, ज्यांचा नशेशी कधी संबंध आला नाही. भारत जगाला औषधी अफू पुरवतो, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात तिची परवान्याने शेती होते, आणि तिच्यापासून बनणारे मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे स्वस्त औषध आहे. 1985 च्या कायद्यानंतर ते बाळगण्यासाठी इतके परवाने लागू लागले, की रुग्णालये आणि औषध दुकाने ते ठेवण्याच्या भानगडीतच पडेनाशी झाली. बारा-तेरा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. खारघरच्या टाटा केंद्रात किंवा परळला उपचार घेऊन आपल्या जिल्ह्यात परतलेल्या रुग्णाला शेवटच्या दिवसांत ही गोळी गावाजवळ मिळत नसे, आणि घरच्यांना नुसते त्याचे कण्हणे ऐकत बसावे लागे. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचा हा गुंता बराच कमी केला, पण मधल्या तीस वर्षांत जे तळमळत गेले त्यांची नोंद कोणत्याही छाप्याच्या बातमीत नाही.

आणि भीतीने माणूस उपचारांपासूनही दूर राहतो. एम्सच्या त्याच सर्वेक्षणात बेकायदा पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्यांपैकी वीसांतल्या एकालाच आयुष्यात कधी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे आढळले. तुमचा ठराव मंजूर झाला, तर पुढच्या वेळी एखाद्या आईला मुलाच्या कपाटात पुडी सापडेल तेव्हा ती शेजारणीकडे मन मोकळे करणार नाही, कारण शेजारीण त्याच ठरावावर सही करून बसलेली असेल.

खरे तर या कायद्यातच एक दार ठेवलेले आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा लहान प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेऊ लागली आणि ते तिने पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. कलम 39 खाली दोषी ठरल्यानंतरही शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. गांजाची पुडी एक किलोच्या आत, म्हणजे लहान प्रमाणातच येते. उद्या प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेच, तर दोन्ही कुटुंबांनी वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कबुली देऊ नये, आणि वकिलाला ही दोन कलमे आवर्जून विचारावीत.

मुलांच्या बाबतीत आत्ता करायचे ते असे. सभेच्या आधी तुम्ही स्वतः दोन्ही घरी जा, आधी भाडेकरूंकडे जा, आणि कमिटीचा लवाजमा बरोबर नेऊ नका. कधीमधी गांजा ओढणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो, पण एमडीचा संशय असेल तर वेळ घालवू नये. रात्र रात्र झोप नसणे, झपाट्याने वजन उतरणे, घरातले पैसे नाहीसे होणे आणि सगळे आपल्या वाईटावर आहेत असे वाटू लागणे, यांतले काही दिसत असेल तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला सांगा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. पैशांची अडचण असणाऱ्यांनी तिथे जायला संकोच करू नये. फोनवर बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

‘आम्ही गाडी पाठवून मुलाला उचलून नेतो’ असे सांगणाऱ्या खासगी केंद्रांपासून मात्र दोन्ही घरांना सावध करा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनामुळे होणारे मानसिक आजारही आपल्या कक्षेत घेतले आहेत. सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचे तर त्या कायद्याची रीत पाळावी लागते, आणि कुलूपबंद खोली व मारहाण यांना त्यात थारा नाही. केंद्राची नोंदणी पाहायला मागा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा, आणि मुलाला भेटू देत नसतील तर तिथून सरळ परत या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 1986 पासून मारझोडीशिवाय, गटांत बोलून आणि कुटुंबाला सोबत घेऊन काम चालते. चांगले केंद्र कसे असते हे कळण्यासाठी त्याची माहिती घेतली तरी पुरे.

कडकपणा दाखवायचाच असेल तर तो विकणाऱ्यावर दाखवावा, आणि तो तुमच्या हातात आहे. मुलांकडून सभेत नावे वदवून घेऊ नका. विक्रेत्यालाही तुमच्या इमारतीचा पत्ता ठाऊक असतो. कोणत्या टपरीवर, कोणत्या वेळी माल मिळतो हे समजले, तर ठाणे पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी पथकाकडे लेखी तक्रार करा, किंवा केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या 1933 या क्रमांकावर नाव न सांगता कळवा. या सेवेचे नाव ‘मानस’ आहे आणि मानसिक आरोग्याच्या 14416 या सेवेचे ‘टेली-मानस’. दोन्ही नावे ठेवणाऱ्यांचे आपसांत बोलणे झाले नसावे, तेव्हा क्रमांक नीट पाहून फिरवा.

ठरावाचा मसुदा बदलून तुम्हीच मांडा. गच्चीचे कुलूप आणि वही, विक्रीविरुद्ध सोसायटीच्या नावाने लेखी तक्रार, आणि कोणाच्या घरी व्यसनाचा प्रश्न असल्यास उपचारांसाठी मदत करणारे दोन-तीन विश्वासू सभासद, एवढे त्यात पुरे. निवेदन द्यायचेच असेल, तर आमदारांकडे ठाण्यात सरकारी व्यसनमुक्ती खाटा वाढवण्याची मागणी करा. आणि सभेच्या इतिवृत्तात त्या दोन मुलांची नावे किंवा सदनिका क्रमांक येऊ देऊ नका; ते दप्तर कोणीही सभासद मागून पाहू शकतो, आणि ही मुले तिशीची होतील तेव्हाही ते तुमच्या कार्यालयाच्या कपाटात असेल.